हक्क आणि हद्द

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघालं की पळस्पे फाट्याच्या पुढे कोन लागतं. भाताची खाचरं अजून शिल्लक आहेत, रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांकडे जाणारी वाहतूक दिवसरात्र सुरू असते आणि या सगळ्यात उंच इमारतींची रांग उभी राहिली आहे. विमानतळाची बोलणी सुरू झाल्यापासून इथल्या गुंठ्यागुंठ्याला गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकांच्या मागोमाग खोटे कागदही आले, आणि म्हणूनच गावात कोतवाल आबांना मोठा मान होता.

आबांनी उभी हयात तलाठी कार्यालयात कोतवालकी केली होती. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण सातबारा वाचावा तो आबांनीच. उतारा हातात आला की लोक आधी मालकाचं नाव शोधतात. आबा आधी फेरफाराचा क्रमांक बघत, मग 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवत. तिथे कुणाचं कुळ लागलंय, कुठल्या सोसायटीचा बोजा आहे, वारस म्हणून कुठली बहीण राहून गेली आहे, हे त्यांना एका नजरेत कळे. शेवटी ते विकणाऱ्याला जमिनीवर घेऊन जात आणि म्हणत, "दाखव तुझी हद्द."

बाहेरून आलेलं एखादं गिऱ्हाईक संकोचायचं. "आबा, इतकं विचारलं तर त्यांना वाईट वाटेल."

त्यावर आबांचं उत्तर ठरलेलं असे. "कागद मागितला म्हणून खरा मालक कधी चिडत नाय. त्याला आपली हद्द पाठ असते. चिडतो तो, ज्याच्याकडे दाखवायला काय नसतं."

त्या वर्षी दसरा झाला आणि आबांच्या थोरल्याला ताप आला. थोरला रसायनीला कारखान्यात नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी शेतावर राबायचा. ताप यायच्या आठ-दहा दिवस आधी त्याने बांधावरचं वाढलेलं गवत दिवसभर बसून कापलं होतं. तेव्हा ते कुणाच्या लक्षातही राहण्याजोगं नव्हतं. पावसाळा सरताना कोकणात घरोघरी कुणीतरी तापाने पडलेलं असतंच, म्हणून दोन दिवस पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर निघाले. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि डोकं असं दुखू लागलं की थोरल्याला उजेड सहन होईना.

हायवेलगत एक नवा दवाखाना उघडला होता. काचेचं दार, आत गारवा, बाहेर हातभर लांबीची पाटी. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'ताप व साथीच्या रोगांचे तज्ज्ञ'. नावापुढे एम.डी. आणि त्यापुढे कंसात बारीक अक्षरांत ए.एम. आबांनी पाटी वाचली, त्यांना हायसं वाटलं आणि थोरल्याला घेऊन ते आत गेले.

आतल्या माणसाने नाडी धरली, काहीही न विचारता सलाईन लावलं, दोन इंजेक्शनं दिली. संध्याकाळी ताप उतरला. थोरला उठून जेवला. घरात सगळ्यांनी देवाला हात जोडले.

दुसऱ्या रात्री ताप परत आला. पुन्हा सलाईन, पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा एक दिवसाचा आराम. तिसऱ्या खेपेला मात्र इंजेक्शनाने तापही उतरला नाही. थोरला कुशीवर वळला तरी धापा टाकत होता.

त्या दिवशी सूनबाई घरासाठी भाजी आणायला बाहेर पडली, तेव्हा तिला म्हाडाच्या इमारतीतल्या लालबागच्या आजी भेटल्या. २०१६ साली गिरणी कामगारांसाठी कोनच्या २,४१७ घरांची सोडत निघाली होती. आजींचे यजमान गिरणीत होते. सोडतीत त्यांचं नाव लागलं, पण घरात राहायला आल्या त्या एकट्या आजी. मधल्या काळात कोरोना आला आणि त्याच इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या. कोनच्या लोकांनी त्या दिवसांत तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या रुग्णवाहिका पाहिल्या होत्या.

सूनबाईचा चेहरा पाहून आजींनी विचारलं, "पोरी, घरात कोण आजारी आहे?"

तिने सगळं सांगितलं. आजी ऐकून म्हणाल्या, "आमच्या चाळीत साथ आली, की आम्ही माणसाला उचलून सातरस्त्याला कस्तुरबात न्यायचो. ते इस्पितळच साथीच्या रोगांचं. कोरोनाचे सुरुवातीचे रोगीसुद्धा तिथेच नेले. हाडाचे डॉक्टर असतात, डोळ्यांचे असतात, तसे या रोगांचेही वेगळे शिकलेले डॉक्टर असतात. तुमचा हा डॉक्टर काय शिकलाय? कुठे शिकलाय?"

सूनबाईला उत्तर देता येईना. घरी येऊन तिने तिन्ही दिवसांच्या चिठ्ठ्या काढल्या. तिन्हींवर नाव होतं, पदव्या होत्या, मोबाईल नंबर होता. नोंदणी क्रमांक एकीवरही नव्हता. दिलेल्या इंजेक्शनांची नावंही कुठे लिहिलेली नव्हती. ती चिठ्ठ्या घेऊन आबांसमोर बसली.

"आबा, गावात कुणी अर्धा गुंठा घेतला तरी तुम्ही त्याचे फेरफार काढायला लावता. थोरल्याला आपण ज्यांच्या हातात दिलंय, त्यांचा एक तरी कागद आपण पाहिलाय का?"

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग उठले, पायांत चपला घातल्या आणि म्हणाले, "चल."

दवाखान्यात सूनबाईनेच विचारलं. आवाज नरम ठेवला, शब्दही आदराचे वापरले. "डॉक्टर, तुमचा नोंदणी क्रमांक या चिठ्ठीवर लिहून द्याल का? आणि काल कोणतं इंजेक्शन दिलंत तेही लिहून द्या. पुढे कुठे न्यावं लागलं तर त्यांना सांगता येईल."

तो माणूस खुर्चीतून उठलाच. "माझ्यावर विश्वास नसेल तर पेशंटला दुसरीकडे न्या. रोज शंभर लोक येतात इथे. आजपर्यंत कुणी नंबर विचारला नाही!"

आबांना आणखी काही ऐकायची गरज उरली नव्हती. खोट्या मुखत्यारपत्रावर जमीन विकायला आलेली माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. ती माणसंही सातबारा मागितला की अशीच ओरडत.

परतताना वाटेत सूनबाईने फोनवर महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदवही उघडली. महाराष्ट्रात एमबीबीएस किंवा त्यापुढे शिकून आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरची तिथे नोंद असावी लागते. नाव किंवा क्रमांक घातला की पदवी दिसते, पुढचं शिक्षण दिसतं आणि नोंदणी चालू आहे की संपली आहे तेही कळतं, कारण ती दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. त्या माणसाचं नाव तिथे नव्हतं. आयुर्वेदाच्या डॉक्टरांची परिषद वेगळी आणि होमिओपॅथीची वेगळी, म्हणून तिने तिथेही शोधलं. कुठेच नव्हतं. कंसातली ती दोन अक्षरं कुठल्याशा 'पर्यायी वैद्यका'ची होती आणि त्या कागदावर कुणालाही सलाईन लावायचा अधिकार मिळत नाही.

घरी पोचले तेव्हा थोरल्याचे ओठ सुकले होते आणि तो असंबद्ध बोलत होता. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर सूनबाईने कपाटातून काढून त्याच्या बोटाला लावला. आकडा ९१ दिसला.

गावात एक जुने डॉक्टर होते. त्यांची पाटी वीतभर. तिच्यावर नाव, खाली बी.ए.एम.एस., त्याखाली नोंदणी क्रमांक. एवढंच. गाव त्यांना डॉक्टरकाका म्हणायचं, आणि अलीकडे त्यांच्याकडे जायचं कमी झालं होतं, कारण ते पहिल्याच दिवशी इंजेक्शन द्यायला नकार देत. आबा त्यांच्या दारात उभे राहिले तेव्हा काकांनी 'इतके दिवस कुठे होतात' हा प्रश्न विचारला नाही. पिशवी उचलली आणि ते चालू लागले.

थोरल्याला तपासायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांनी रक्तदाब घेतला, छातीला नळी लावली, डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली. मग आबांकडे वळून म्हणाले, "आबा, हे माझ्या आवाक्यातलं नाही. आत्ता, या क्षणी रुग्णालयात न्यायला हवं."

"कुठल्या डॉक्टरकडे नेऊ? तज्ज्ञ कोण हाय, नाव सांगा. आता मी चौकशी केल्याशिवाय कुणाकडे जायचा नाय."

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चौकशी करायची वेळ वेगळी आणि धावायची वेळ वेगळी. श्वास लागलाय, माणूस बरळतोय, आकडा ९४ च्या खाली गेलाय. अशा वेळी तज्ज्ञाचं नाव शोधत घरात बसायचं नसतं. जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं, १०८ ला फोन करायचा. तिथे ऑक्सिजन लागेल, रक्त तपासतील. एकदा जीव सावरला की मग तज्ज्ञ शोधा, आणि नीट शोधा."

रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. कोणत्या दिवशी ताप आला, कधी उतरला, कधी चढला, किती सलाईन झाली, कोणती इंजेक्शनं दिली ते माहीत नाही, सगळं दिवसवार. खाली मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, विषमज्वर, स्क्रब टायफस अशी पाच नावं आणि पुढे वाक्य, 'यांपैकी काय ते पाहावे.' मग सही आणि नोंदणी क्रमांक.

सूनबाईला बाजूला घेऊन ते म्हणाले, "तज्ज्ञ म्हणजे कोण ते ध्यानात ठेव. आधी एमबीबीएस. मग मेडिसिनमध्ये एमडी किंवा डीएनबी. त्यावर संसर्गजन्य रोगांचं खास शिक्षण, ते तीन वर्षांचं डीएम असेल किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची एफएनबी असेल. परदेशात शिकलेलेही असतात. असे डॉक्टर आपल्याकडे थोडे आहेत. बहुतेक जण एकाच रुग्णालयात बसत नाहीत, बोलावलं की येतात. म्हणून रुग्णालयातल्या मेडिसिनच्या डॉक्टरांनाच विचार, 'आपल्याकडे इन्फेक्शियस डिसीजचे डॉक्टर येतात का? त्यांचं मत घेता येईल का?' असं विचारल्याने त्यांचा अपमान होत नाही."

थोरल्याला दाखल केलं. ऑक्सिजन लागला. रक्ताचे अहवाल आले. प्लेटलेट्स उतरलेल्या, यकृताला सूज. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. तिथल्या डॉक्टरांनी प्रतिजैविक सुरू केलं होतं, तरी दुसऱ्या दिवशीही ताप हटेना.

बातमी पसरली तसे नातेवाईक गोळा झाले. भावकीतल्या एका माणसाने एका डॉक्टरांचं नाव आणलं. "फार मोठा माणूस हाय. नावापुढे आठ-दहा पदव्या हायेत. मी शब्द टाकतो, उद्या येतील." सूनबाईने नाव शोधलं. या वेळी नोंद सापडली. माणूस खरा होता, नोंदणीही चालू होती. पण नोंदवहीत पदवी एकच होती, एमबीबीएस. पुढची जी अक्षरं होती, त्यांतलं एकही तिथे नोंदलेलं नव्हतं. कुठल्या परिषदेला हजेरी लावल्याची, कुठल्या थोड्या दिवसांच्या वर्गाची ती प्रमाणपत्रं होती. घरगुती डॉक्टर म्हणून ते चांगलेही असतील. पण आत्ता हवा होता तो तज्ज्ञ हा नव्हता.

भावकीतला माणूस रुसला. आबा त्याला म्हणाले, "सातबारा त्याचा हाय रे, पण तो दाखवतोय ते रान त्याच्या हद्दीत येत नाय."

सूनबाईने वॉर्डातल्या मेडिसिनच्या डॉक्टरांना काकांनी शिकवलेला प्रश्न विचारला. ते म्हणाले, "मीही आज त्याच विचारात होतो. एक बाई आहेत, आठवड्यातून दोनदा येतात. आजच बोलावतो." त्यांनी नाव दिलं. सूनबाईने नोंदवहीत पाहिलं. एमबीबीएस, मग एमडी मेडिसिन, मग डीएम संसर्गजन्य रोग. तिन्ही पदव्या, त्यांची वर्षं, चालू नोंदणी. संध्याकाळी त्या आल्या, तेव्हा सूनबाईने त्यांनाही विचारलं. या आधी असा कोणता ताप पाहिलाय, रोग्याला रोज कोण तपासेल, तुम्ही नसताना कुणाला फोन करायचा. प्रत्येक प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलं. आबांचे हात नकळत जोडले गेले. "बाई, राग मानू नका. आम्ही तुमचा नंबरही तपासलाय."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आता मला विचारू द्या."

मग त्या खुर्ची ओढून थोरल्याजवळ बसल्या. कामाला कुठे जातो? कारखान्यात काय हाताळतो? घरात गुरं आहेत का? उंदीर? पाणी कुठलं पितात? साचलेल्या पाण्यातून अनवाणी चाललास का? गेल्या तीन आठवड्यांत रानात गेलास? गवतात बसलास? किती वेळ? घरात आणखी कुणाला ताप आहे? आधी दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या कुठे आहेत? काकांचा कागद त्यांनी दोनदा वाचला. त्यानंतर त्यांनी पडदा ओढून घेतला आणि थोरल्याला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. केसांत, कानांमागे, काखेत, जांघेत. शेवटी कमरेचा करदोडा वर सरकवला.

करदोड्याखाली एक लहानसा काळा खपला होता, विडीचा चटका बसल्यावर उरतो तसा, भोवती लालसर कडा. दुखत नव्हता, खाजत नव्हता. म्हणून थोरल्याला त्याचा पत्ताच नव्हता आणि कपड्याआड असल्याने दुसऱ्या कुणाला तो दिसला नव्हता.

"स्क्रब टायफस," त्या म्हणाल्या. "गवतात, झुडपांत अगदी बारीक किडे असतात, त्यांच्या अळ्या चावतात. चावल्याचं कळतही नाही. त्यातून जंतू शरीरात शिरतो आणि आठ-दहा दिवसांनी ताप येतो. नेहमीची पुष्कळशी प्रतिजैविकं याच्यावर चालत नाहीत. रक्ताची खास चाचणी करू, पण तिचा निकाल येईपर्यंत थांबायचं नाही. डॉक्सिसायक्लीन आत्ता सुरू करते. महागडं औषध नाही हे, जुनं आहे. वेळेवर दिलं तर दोन दिवसांत फरक दिसतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, काहीही धोक्यात येतं."

"आणि त्या दवाखान्यातली इंजेक्शनं?" सूनबाईने विचारलं.

"त्यांत स्टेरॉइड असावं. त्याने ताप तेवढ्यापुरता दबतो, रोग आत वाढत राहतो. माणसाला वाटतं गुण आला आणि हातचे दिवस निघून जातात."

दुसऱ्या रात्री घाम येऊन ताप उतरला. तिसऱ्या दिवशी थोरल्याने आपणहून चहा मागितला. चाचणीचा निकालही तोच आला.

घरी सोडायच्या दिवशी आबांना राहवलं नाही. "बाई, आम्ही तुम्हाला एवढे प्रश्न विचारले. मनाला लागलं असेल."

बाई हसल्या. "आबा, मी ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले. तिथे आम्हाला डॉक्टर व्हिएगस यांची गोष्ट सांगतात. अकासियो व्हिएगस, गोव्याचे. १८९६ साली मुंबईत मांडवीला माणसं तापाने पटापट दगावू लागली. हा गाठीचा प्लेग आहे, असं व्हिएगसांनी ओळखलं. केवढी मोठी गोष्ट ती! सगळ्या शहराचा व्यापार, येणं-जाणं त्या एका शब्दावर अवलंबून होतं. मग त्यांच्या निदानाची दुसऱ्या तज्ज्ञांकडून पडताळणी करून घेतली गेली आणि ते खरं ठरलं. पुढे सरकारने लस-संशोधक हाफकिन यांना बोलावलं. त्यांनी आमच्याच कॉलेजात प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली, मग लोकांना दिली. मोठी माणसं पडताळणीला घाबरली नाहीत, आबा. आमच्या विद्येचा तोच पाया आहे. तुम्ही माझा नंबर तपासलात, यात माझं काय गेलं? उलट तुमचा विश्वास मला आयता मिळाला. तो भाबडा असता तर पहिल्या दवाखान्याला मिळाला तसाच मलाही मिळाला असता, मग त्याला काय किंमत?"

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आणि एक सांगते. तुमच्या मुलाला मी वाचवलं, असं गावात सांगू नका. तुमच्या गावातल्या त्या डॉक्टरांनी 'हे माझ्या आवाक्यातलं नाही' असं वेळेवर सांगितलं, म्हणून तो माझ्यापर्यंत पोचला. त्यांच्या कागदावर पाचवं नाव कोणतं होतं, ते वाचलंत का?"

कोनला परत आल्यावर आबांनी पनवेलला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. तिन्ही चिठ्ठ्या जोडल्या. बोगस डॉक्टरांचा शोध घेणारी समिती हायवेलगतच्या दवाखान्यात गेली, कागद मागितले. कुठल्याच परिषदेची नोंदणी निघाली नाही. नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणं हा महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्यानेच गुन्हा आहे. तो नोंदला गेला, काचेच्या दाराला कुलूप लागलं.

दिवाळीनंतर ग्रामसभा भरली. आबा उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, आजपासून आपण डॉक्टरांचा नंबर विचारायचा. प्रत्येक डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो, चिठ्ठीवर आणि पावतीवर लिहायचा असतो, असा त्यांच्याच आचारसंहितेचा नियम हाय. वैद्यक परिषदेने आता डॉक्टरांना क्यूआर कोडही दिलाय, फोन समोर धरला की त्यांची नोंद दिसते. ज्याला फोन जमत नाय, त्याने माझ्या सुनेकडे यावं."

मागच्या रांगेतून एक वयस्कर गृहस्थ उठले. "आबा, हे बरं नव्हे. डॉक्टर म्हणजे देव. त्याच्याकडे जाऊन कागद मागायचे? त्याच्या मनातून आपण उतरणार. उद्या रात्री-अपरात्री गरज पडली, तर कोण दार उघडेल?"

सभेत कुजबुज झाली. पुष्कळांना ते पटलं होतं. आबा उत्तर देणार, तेवढ्यात डॉक्टरकाका उठले. सभेत ते सहसा बोलत नसत.

"माझ्यापासून सुरुवात करा," ते म्हणाले. "माझा क्रमांक पाटीवर आहे, तो तपासा. मी तीस वर्षं या गावात आहे. कुणी एकदाही विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतंत, तर मला आनंद झाला असता, कारण त्या क्रमांकामागे माझी सगळी मेहनत आहे. तो क्रमांक मला दोन गोष्टी देतो. एक म्हणजे हक्क, तुमच्या अंगाला हात लावायचा, तुमचं दुखणं ऐकायचा. आणि दुसरी म्हणजे हद्द, मी कुठे थांबायचं आणि तुम्हाला पुढे कुणाकडे पाठवायचं. हक्क सगळ्यांना आवडतो. हद्द सांगताना जीभ अडखळते. आपल्याकडे गर्दी कमी होईल, लोक म्हणतील याला काही येत नाही, अशी भीती वाटते. मला ती दर वेळी वाटते. तरी सांगावं लागतं. मी डॉक्टर आहे, देव नाही. मला देव केलंत, तर माझी हद्द तुम्ही पुसून टाकता आणि मग मीही तुमचा घात करू शकतो."

ते थांबले आणि त्या वयस्कर गृहस्थांकडे वळले. "आणि दादा, रात्री दार कोण उघडेल म्हणालात ना? ज्याला प्रश्नाचा राग येत नाही, तोच उघडेल."

त्या ग्रामसभेत ठरलं ते असं. घरात कुणी आजारी पडायच्या आधीच, सगळे बरे असताना, आपण ज्या डॉक्टरांकडे जातो त्यांची नोंद एकदा पाहून घ्यायची. आजाराच्या सगळ्या चिठ्ठ्या दिवसवार एका पिशवीत ठेवायच्या. ताप पाच दिवसांत हटला नाही, तर 'पुढे कुणाला दाखवू' असं डॉक्टरांना आपणच विचारायचं. श्वास लागला, शुद्ध हरपू लागली, लघवी कमी झाली, तर दिवस मोजायचे नाहीत आणि शोधाशोधही करायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं. तज्ज्ञाची पदवी त्याच्या पाटीवर वाचायची नाही, नोंदवहीत वाचायची. आणि पदवी पटल्यावरही पाहायचं, की तो औषध लिहिण्याआधी किती विचारतो, किती तपासतो आणि जिथे खात्री नाही तिथे 'मला अजून पाहावं लागेल' असं म्हणतो की नाही.

तात्पर्य : विद्वानाला त्याची विद्या विचारणं हा अविश्वास नव्हे. जो खरा असतो, त्याचा मान प्रश्नाने वाढतो आणि जो खोटा असतो, तो प्रश्नानेच उघडा पडतो. आपला जीव ज्याच्या हाती द्यायचा, त्याचा हक्क तपासावा आणि जो आपली हद्द आपणहून सांगतो, त्याला कधी सोडू नये.